शेळ्या आम्हाला, गायरान कंपनीला?

दर आठवड्याला कुठली ना कुठली जाहिरात आपल्या मोबाईलवर येऊन पडते. शाश्वत विकास, पर्यावरण, ग्रामीण उपजीविका. निवासी प्रशिक्षण, जेवण-राहणे मोफत, शेवटी प्रमाणपत्र, अनुसूचित जातीच्या उमेदवारांना प्राधान्य. आपण ती वाचतो, दहा जणांना पाठवतो आणि समाजाचे एक काम केले म्हणून मोकळे होतो.

आम्ही या प्रशिक्षणांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या समाजाला हजारो वर्षे शिकण्याची बंदी होती, त्या समाजातल्या पोराने शिकण्याची कोणतीही संधी सोडू नये. पण शिकवणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्कही आपल्याला बाबासाहेबांनीच दिला आहे. आमचा प्रश्न असा आहे : हे शिकून झाल्यावर आम्ही उभे कुठे राहायचे? शेळीपालन शिकलो, शेळी चरणार कुठे? रोपवाटिका शिकलो, रोपे लावणार कोणाच्या बांधावर? ठिबक शिकलो, नळ्या अंथरणार कोणाच्या रानात? ज्याच्या सातबाऱ्यावर नाव नाही त्याला शाश्वत शेती शिकवणे म्हणजे विहीर न दाखवता पोहायला शिकवणे आहे. आणि दुसऱ्या हाताने, ज्या थोड्याफार जमिनीवर आपली माणसे दोन-तीन पिढ्या राबत आली ती जमीन पर्यावरणाचेच नाव घेऊन काढून घेतली जात असेल, तर या प्रशिक्षणाला संधी म्हणायचे की सांत्वन?

शेळीपासूनच सुरुवात करू, कारण आपल्या वस्तीत सगळ्यात जास्त शिकवली जाते ती शेळी. पशुसंवर्धन खात्याची दहा शेळ्या आणि एक बोकड ही योजना घ्या. सर्वसाधारण गटाला ५० टक्के अनुदान, अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के. वाचायला छान. आता अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी वाचा. सातबारा, आठ-अ. सातबाऱ्यावर नाव नसेल तर कुटुंबाचे संमतीपत्र, नाहीतर दुसऱ्याची जमीन भाड्याने घेतल्याचा करारनामा. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याने आधी जमीनवाल्याच्या ओसरीवर जाऊन सही मागायची. ती सही फुकट मिळत नाही हे गावात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. सही देणारा सुगीत कमी रोजावर कामाला बोलावतो, निवडणुकीत आठवण करून देतो आणि उद्या वस्तीवर काही घडले तर "तुझ्या कागदावर सही कोणाची आहे?" असे विचारतो. शेळीच्या गळ्यातले दावे कधी माणसाच्या गळ्यात येते ते कळतही नाही.

समजा कागद जमले, शेळ्या आल्या. प्रशिक्षणात गोठा कसा बांधायचा, लसीकरण कधी करायचे, करडांचे वजन कसे वाढवायचे हे सगळे शिकवतात. चांगले शिकवतात, खोटे कशाला बोला. चाऱ्याचा धडा येतो तेव्हा सांगतात की थोड्या जागेत शेवरी, सुबाभूळ, मेथीघास लावा. ज्याचे घर आठशे फुटांच्या जागेत आहे त्याने ही थोडी जागा आणायची कुठून? म्हणून शेळी जाते गायरानावर. आणि गायरानाची गोष्ट आता नीट ऐका, कारण सगळी गाठ तिथेच आहे.

शहरात वाढलेल्या मित्रांसाठी सांगतो. गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. बहुतेक गावांत ती खडकाळ, मुरमाड, शिवेला लागून. गावच्या शिवेची खूण महाराला ठाऊक असायची, हद्दीचा तंटा पडला की त्याची साक्ष चालायची. ज्याला प्रत्येक रानाची हद्द पाठ होती त्याच्या नावावर रान मात्र नव्हते. मराठवाड्यात आणि इतरत्रही आपल्या लोकांनी ही मुरमाड जमीन फोडली, दगड वेचले, बांध घातले, ज्वारी-बाजरी-तूर पेरली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, १९६४ मध्ये तो देशभर गेला, लाखो माणसे तुरुंगात गेली. आपल्या आज्या-आजोबांनी तुरुंगात काढलेल्या दिवसांचे ते फळ आहे. सरकारलाही ते मान्य करावे लागले : १४ एप्रिल १९९० पर्यंतची, भूमिहीन अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. तारीख बघा, १४ एप्रिल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची भेट म्हणून ती दिली गेली. काहींची नावे लागली. पण कित्येकांचे अर्ज तहसीलच्या कपाटात तसेच राहिले. जमीन कसणारा दरवर्षी दंड भरत राहिला, त्याची नोंद गाव नमुना १-ई मध्ये होत राहिली किंवा मुद्दाम केली गेली नाही.

मग आला २०११ चा जगपाल सिंग खटला. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावात काही वजनदार मंडळींनी गावचा तलाव बुजवून त्यावर घरे बांधली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना चपराक दिली आणि सर्व राज्यांना गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. निकाल कोणाविरुद्ध होता? तलाव गिळणाऱ्या धनदांडग्यांविरुद्ध. आणि त्याच निकालात अपवादही लिहिला आहे : सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल, किंवा त्या जागेवर आधीच शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करता येईल. महाराष्ट्रात त्याच वर्षी जुलैमध्ये शासननिर्णय निघाला आणि तेव्हापासून तहसीलमध्ये गेले की पहिला अर्धाच निकाल वाचून दाखवतात. पट्टा ज्यांना मिळायला हवा होता त्यांचे अर्ज यांनीच दाबून ठेवले आणि आता पट्टा नाही म्हणून अतिक्रमणदार ठरवायचे. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देत गायरानावरच्या लोकांना नोटिसा निघाल्या तेव्हा वस्त्यावस्त्यांत काय घबराट उडाली ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

आणि आता त्याच गायरानावर सूर्य उगवला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०, सन २०२३. शेतीच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर चालवायच्या, शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. आधी ७,००० मेगावॉटचे लक्ष्य होते, पुढे ते १६,००० पर्यंत नेले. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते, गुणाकार तुम्हीच करा. सगळी जागा सरकारी नाही, खासगीही आहे. खासगी मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, म्हणजे एकरी पन्नास हजार, शिवाय दरवर्षी वाढ. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख.

आता या हिशेबात आपला माणूस शोधा. खासगी मालकाला भाडे आहे. ग्रामपंचायतीला पैसे आहेत. कंपनीला स्वस्त जमीन आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज आहे, आणि ती मिळालीच पाहिजे, रात्री पाणी द्यायला जाऊन साप चावून मरणाऱ्या शेतकऱ्याशी आमचे वैर नाही. पण जो तीस-चाळीस वर्षे तेच गायरान कसत आला, त्याला काय? मालकीच्या रकान्यात त्याचे नाव नाही, म्हणून भाडे नाही. १९९१ च्या निर्णयाप्रमाणे त्याच्या चार एकरांवर नाव लागले असते तर आज जास्तीत जास्त काय झाले असते? कंपनी त्याच्या दारात आली असती आणि वर्षाला दोन लाख रुपये भाडे बोलली असती. नाव लागले नाही म्हणून तोच माणूस अतिक्रमणदार झाला आणि पोलीस बंदोबस्तात मोजणी आली. एक नोंद आणि दोन लाख रुपये, याला आम्ही जात म्हणतो.

इथे कोणी तरी लगेच म्हणेल की सरकार भूमिहीनांना जमीन देतेच आहे. देते ना. दादासाहेबांच्याच नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान, दर जिरायतीला एकरी पाच लाखांपर्यंत आणि बागायतीला आठ लाखांपर्यंत. पण जमीन विकत घेऊन द्यायची आहे, म्हणजे गावातल्या जमीनदाराने विकायला काढली तर. कार्यालयात जाऊन विचारा, या दरात जमीन मिळत नाही असे उत्तर येते. आणि हाताखालीच गायरान असलेले हेच सरकार सौर कंपनीसाठी शेकडो एकरांचे सलग पट्टे नकाशावर रंगवून तयार ठेवते. भूमिहीनाला द्यायला जमीन सापडत नाही, कंपनीला द्यायला सापडते. दिवसा वीज मिळणार म्हणतात ती याच उजेडात बघायला हवी.

मग प्रशिक्षणवाले येतात. गायरान गेले तर काय झाले, तुमच्या पोरांना हरित रोजगार देऊ. सूर्यमित्र हे त्यातले नाव घेण्यासारखे प्रशिक्षण आहे. सहाशे तास, साधारण तीन महिने, सौर पॅनल बसवणे आणि दुरुस्ती शिकवतात, आयटीआय झालेल्या पोराने जरूर करावे. पण ज्यांच्या घरातले कोणी दहावीच्या पुढे गेले नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी प्रकल्पाच्या फाटकावर पहारा आहे, पॅनलवरची धूळ पुसणे आहे, कुंपणाच्या आतले गवत काढणे आहे, तेही ठेकेदाराकडून. ज्या रानात आईने तूर पेरली त्याच रानात मुलगा काच पुसणार. दस्तऐवजात याला उपजीविकेचे संक्रमण म्हणतात.

हरित रोजगार हा शब्द तर आपण फार सावधपणे घ्यायला हवा. देशात २०१५ मध्ये हरित रोजगारांसाठी कौशल्य परिषद स्थापन झाली. सौर आणि पवन ऊर्जेसोबत तिच्या कामांच्या यादीत सफाई कर्मचारी आहे, कचरा वेचून वेगळा करणारा आहे. वाचून आम्ही थबकलो. झाडू आमच्या हातात मनुस्मृतीने दिला होता, आता तोच झाडू हिरव्या प्रमाणपत्रासह परत येतो आहे. सफाईचे काम करणाऱ्या आपल्या भावाबहिणींना सुरक्षा-साधने मिळावीत, यंत्र चालवायला शिकवावे, पगार आणि निवृत्तिवेतन मिळावे, याबद्दल दुमत नाही. पण पर्यावरण वाचवण्याच्या कामात सौर अभियंत्याच्या वर्गात कोण बसले आहे आणि कचऱ्याच्या वर्गात कोण, याची जातवार यादी एकदा जाहीर करा. करणार नाहीत. गटारात उतरवून माणूस मारणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी माणसे मरताहेत. आणि इकडे त्या कामाचे नाव बदलून आपल्या पोरांना त्याचे भवितव्य दाखवले जाते.

याच कामात दुसरी वाट कशी निघते तेही पुण्यात दिसले आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाया, बहुतांश आपल्याच समाजाच्या, संघटित झाल्या, ओळखपत्रे मिळवली, सुक्या कचऱ्यावरचा हक्क मागितला, पुढे स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि तिने महापालिकेशी करार केला. तिथे आधी हक्क आला, मग कौशल्य. आपल्याकडे येणारी बहुतेक प्रशिक्षणे हा क्रम उलटा करतात.

आदर्श गावांच्या सहलींबद्दलही बोललेच पाहिजे. पाणलोटाचे प्रशिक्षण म्हटले की बस निघते ती राळेगणसिद्धी नाहीतर हिवरे बाजारला. पाणी अडवले, विहिरी भरल्या, हे खरे आहे आणि छोटे नाही. पण तिथल्या बंद्यांची यादी पाठ करून परत येणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याने एक तरी प्रश्न विचारला का? चराईबंदी झाली तेव्हा बांध नसलेल्या माणसाच्या शेळ्या कुठे गेल्या? कुऱ्हाडबंदी झाली तेव्हा सरपणाची मोळी कोणाच्या चुलीतून गेली? श्रमदानात सगळे गाव घाम गाळते हे फोटोत छान दिसते. अडवलेले पाणी मुरते ते मात्र विहीर असलेल्याच्या रानात. मुकुल शर्मा यांनी 'कास्ट अँड नेचर' या २०१७ च्या पुस्तकात जात आणि आपल्या देशातले पर्यावरणाचे राजकारण यांचे नाते उलगडून दाखवले आहे. इंग्रजी जमणाऱ्यांनी ते वाचावे आणि बाकीच्यांना सांगावे. श्रम सगळ्यांचे आणि पाणी जमीनवाल्याचे, हा जुन्या बलुतेदारीचाच नवा करार आहे.

यावर आम्हाला सांगतात, असेच असते, पाणी जमिनीशीच जोडलेले असते. नसते. पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरला नाही, घरातल्या डोक्यांवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. पन्नास वर्षांपूर्वी, महाराष्ट्रातच हे झाले. पाणलोटाच्या वर्गात हा धडा कितींनी ऐकला? नियम साधा आहे म्हणून तो शिकवत नाहीत असे नाही, तो शिकवला तर उसाचे काय होईल म्हणून शिकवत नाहीत.

आता आपल्या घरातल्या आक्षेपाकडे वळतो. चळवळीतले काही जाणकार म्हणतात, हा खेड्याचा, शेळीचा, गायरानाचा विषय कशाला? बाबासाहेबांनी खेडे सोडायला सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गोडव्याचा फुगा फोडला, हे आम्हालाही ठाऊक आहे आणि त्यातला शब्दन् शब्द आम्हाला मान्य आहे. ज्यांना ग्रामीण उपजीविका हा शब्द ऐकला की बैलगाडी आणि चूल आठवते त्यांच्यातले आम्ही नाही. पण त्याच बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला आणि दाखवून दिले की प्रश्न नुसता तुकड्याच्या आकाराचा नाही, त्यावर लावायला अवजारे आणि भांडवल किती, आणि रिकामे हात सामावून घेणारे उद्योग कुठे आहेत, हा आहे. १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांना तांत्रिक शिक्षण मागितले, सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मागितली. लक्षात घ्या, त्यांनी झाडू बनवण्याचे किंवा दोर वळण्याचे सुधारित प्रशिक्षण मागितले नाही. त्या काळातले सगळ्यात आधुनिक जे काम होते त्याच्या दारात आपली मुले उभी करायची होती. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न बघता कसायला द्यावी, पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावे, असा आराखडा मांडला.

खेडे सोडणे वेगळे आणि खेड्यातून हाकलले जाणे वेगळे. दसरा झाला की बीडच्या वाड्या-वस्त्यांवरून कोयत्याच्या गाड्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकरांसह कारखान्याच्या फडावर जातात. हे बाबासाहेबांनी सांगितलेले स्थलांतर आहे का? शहरात जायचे तर शिक्षण घेऊन, घराचा पत्ता घेऊन जायचे. गायरान गेले म्हणून पुलाखाली जायचे नाही. कृषिगणना २०१५-१६ सांगते की देशात सरासरी शेतधारणा १.०८ हेक्टर आहे आणि अनुसूचित जातींची ०.७८. ही ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांची सरासरी. ज्यांच्याकडे काहीच नाही ते या आकड्यात येतच नाहीत.

तेव्हा आमचे म्हणणे असे की प्रशिक्षण घ्या, पण कोणते घ्यायचे हे आपण ठरवू. पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्यात पाण्याचा ताळेबंद मांडणे, हवा-पाण्याचे प्रदूषण मोजणे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणे, जैवविविधता नोंदवही तयार करणे असे अभ्यासक्रम होते. आपल्या पोरांनी मागे लागायचे ते यांच्या. ज्याला गावातल्या पाण्याचा ताळेबंद मांडता येतो तो ग्रामसभेत उभा राहून विचारू शकतो की बंधाऱ्यातले इतके पाणी ऊस कसा पितो आणि वस्तीच्या हापशाला उन्हाळ्यात हवा का येते. ज्याला पाण्याचा नमुना तपासता येतो तो कारखान्याच्या मळीवर तोंडी तक्रार करत नाही, आकडा ठेवतो. जैवविविधता समिती हा तर आपण हातचा घालवलेला विषय आहे. २००२ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती आली, २००४ च्या केंद्रीय नियमांनी तीत अनुसूचित जाती-जमातींचा किमान १८ टक्के वाटा ठेवला होता. आपल्या गावच्या समितीत आपले कोण होते, ग्रामसेवकाला विचारा. नाव सापडले तर त्या माणसाला विचारा, त्याला तरी ठाऊक आहे का. कुर्डू, तांदुळजा, घोळ, पाथरी कुठल्या बांधाला कधी येते हे आपल्या आयांना माहीत. नोंदवही मात्र कुठल्या तरी संस्थेने तालुक्याला बसून भरलेली. मग रानभाज्या महोत्सवात आईला टोपली घेऊन बसवतात आणि तज्ज्ञ म्हणून भाषण दुसराच करतो. आईला निरक्षर म्हणा, अकुशल म्हणू नका.

आणि शिकवणारा कोण, हेही विचारायला शिका. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत किमान ७० टक्के प्रशिक्षणार्थी दारिद्र्यरेषेखालील ग्रामीण घरांतले असावेत असा दंडक आहे. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्म्या जागा आहेत. म्हणजे बाकावर बसायला आपण हवेच आहोत. फळ्यापाशी किती आहोत? प्रकल्प अधिकारी, सल्लागार, मूल्यमापन करणारा, अहवाल लिहिणारा यांत आपले किती? तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आहे, बार्टी आहे, कृषी विद्यापीठे आहेत. आपल्यातले जे पदवीपर्यंत पोचले त्यांनी सहा दिवसांच्या गांडूळखताच्या वर्गाला रांग लावू नये. त्यांनी नैसर्गिक संसाधने, जमीन-कायदा, नकाशाशास्त्र यांकडे जावे आणि परत येऊन वस्तीत शिकवावे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तिसरे-चौथे वर्ष काढणाऱ्या मित्रांना हे कडू लागेल. लागू द्या.

सगळ्यात आधीचे प्रशिक्षण मात्र कोणतीही संस्था देत नाही, ते आपल्यालाच द्यावे लागेल. १-ई वाचायचे प्रशिक्षण. दर १४ एप्रिलला आपण डीजेवर किती उधळतो याचा आकडा आम्ही इथे लिहीत नाही, प्रत्येकाला आपल्या मंडळाचा ठाऊक आहे. त्यातल्या एका रात्रीच्या खर्चात वस्तीतल्या दहा मुला-मुलींचे तीन दिवसांचे शिबिर होते. पहिल्या दिवशी गावचा नकाशा, गायरानाचे गट क्रमांक, सातबारा आणि आठ-अ कसा वाचायचा. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या माणसांकडून कागद काढायचे : दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, पीकपेऱ्याच्या नोंदी, सत्याग्रहात तुरुंगात गेल्याचे दाखले, जे पत्र्याच्या पेटीत तळाशी असतात आणि उंदीर खातात. तिसऱ्या दिवशी प्रत्येक कसणाऱ्याच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज : माझी १-ई नोंद आहे का, १९९१ च्या निर्णयाखालचा माझा अर्ज कुठे आहे, त्यावर काय निर्णय झाला, झाला नसेल तर का नाही. महार वतनाच्या जमिनींचेही हेच. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी पुन्हा आपल्या नावे व्हायच्या होत्या. त्या आज कोणाच्या नावावर आहेत हे फेरफार काढल्याशिवाय कळणार नाही. मोबाईलवरून चालत रानाची हद्द आखता येते. ज्यांच्या पूर्वजांना शिव पाठ होती त्यांच्या नातवांना हे अवघड जाऊ नये.

सौर प्रकल्पाला आपण आंधळा विरोध करणार नाही. उन्हाळे वाढले, पाऊस बेभरवशाचा झाला तर सगळ्यात आधी रोज बुडतो तो शेतमजुराचा, पत्र्याच्या घरात भाजून निघते ती आपली वस्ती. हवामानबदल हा बंगल्यातल्या लोकांचा विषय आहे असे समजणाऱ्या आपल्याच मित्रांनी मे महिन्यात एक दुपार पत्र्याखाली काढावी. पण प्रकल्प येणार असेल तर त्या गटावर कोण कसत आहे याची पाहणी आधी झाली पाहिजे, प्रलंबित अर्ज आधी निकाली निघाले पाहिजेत, आणि खासगी मालकाला जे भाडे मिळते ते वर्षानुवर्षे कसणाऱ्यालाही मिळाले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या पाच लाखांतले वस्तीवर किती खर्च झाले त्याचा हिशेब फलकावर लागला पाहिजे. चराईला जागा राखल्याशिवाय शेळीगटाचे उद्दिष्ट खात्याने जाहीर करू नये, आणि भूमिहीनाच्या अर्जातून सातबाऱ्याची अट निघाली पाहिजे.

पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे. विषयपत्रिका आधी निघते, तीत गायरानाचा विषय घालण्यासाठी लेखी अर्ज आत्ताच द्या, पोच घ्या. सभेत एकट्याने बोलू नका, बायांना घेऊन जा, कागद हातात ठेवा आणि ठराव इतिवृत्तात लिहून होईपर्यंत उठू नका. ज्या गावांत मोजणीची नोटीस आधीच लागली आहे तिथल्या कार्यकर्त्यांनी नोटिशीचा गट क्रमांक आणि १-ईचा उतारा जुळवून तालुक्याच्या वकील मित्रांपर्यंत आठवडाभरात पोचवावा. जगपाल सिंग निकालातला अपवादाचा परिच्छेद अर्जाला जोडायला विसरू नका, तहसीलदार तो स्वतःहून वाचणार नाहीत.

जय भीम.